पुढच्या बाकाचे मोल

पैसेवाल्याने पुढे बसावे आणि बिनपैशाच्याने मागे उभे राहावे, हा जगाचा जुना रिवाज आहे. जत्रेतल्या तमाशाच्या कनातीत तो दिसतो, नाटकगृहात दिसतो, लग्नाच्या मांडवातही दिसतो. तोच रिवाज हल्ली परदेशातल्या करमणुकीच्या मोठमोठ्या बागांत नवा पोशाख घालून उभा आहे. या बागांना थीम पार्क म्हणतात. दारावर तिकीट काढून आत गेलात तरी आतला खेळ राखीव जागेवरून पाहायचा असेल तर आणखी पैसे मोजा, असा तिथला व्यवहार. हे जादा पैसे मोजण्यात शहाणपण आहे की नाही, एवढाच आजचा प्रश्न.

कोणी म्हणेल, मास्तर, कुठे अमेरिका आणि कुठे आपले शेत! पण वाचकहो, दिवस बदलले आहेत. शेतकऱ्याचे, सुताराचे, कुंभाराचे पोर शिकून अमेरिकेत नोकरीला लागते आणि आईबापांस एकदा तरी तिकडे बोलावून घेते. मग फ्लोरिडा प्रांतातील ऑर्लँडो गावची डिस्नेची बाग त्यांना दाखवावी, असे त्याच्या मनात येतेच. आईबापांनी जन्मभर मागे बसून काढलेला असतो. यावेळी तरी त्यांना पुढे बसवू, ही त्या पोराची हौस. हौस चांगली आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण 'पुन्हा कुठे येणे होणार?' या एका वाक्यावर तिथला सगळा बाजार चालतो. म्हणून हिशेब बागेच्या दारात करू नये, घरी करून निघावे.

आधी ही रीत आली कशी ते पाहू. वॉल्ट डिस्ने या गृहस्थाने आपली पहिली बाग १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे उघडली. तेव्हा मोठ्या माणसाला दारावर १ डॉलर पडे आणि आतल्या पाळण्या-गाड्यांना वेगळी तिकिटे लागत. १९८२ साली ही सुटी तिकिटे बंद झाली. दारात एकदा पैसे द्या आणि दिवसभर हवे ते पाहा, असा नियम झाला. पुढे १९९९ साली रांगेचा त्रास कमी व्हावा म्हणून 'फास्टपास' नावाची चिठ्ठी निघाली. ती घेऊन ठरल्या वेळी गेले की लांब रांग टळे. ही चिठ्ठी फुकट होती. हमालाला मिळे तशीच कोट्यधीशाला मिळे. २०२० साली महामारीमुळे बागा बंद पडल्या. त्या पुन्हा उघडल्या, पण ती फुकट चिठ्ठी परत आली नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडाच्या बागेत तिच्या जागी माणशी १५ डॉलर रोजाची विकतची चिठ्ठी आली. पुढे तिचा भाव गर्दी पाहून चढू-उतरू लागला. २०२४ च्या ऑक्टोबरात तिच्याही वरचा एक पास निघाला. निघतानाच त्याचा भाव बाग आणि दिवस पाहून माणशी १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत होता. एक डॉलर म्हणजे ८० रुपयांच्या वर. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

पूर्वी सारेच समान होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच अनाहाइमच्या बागेत १९६७ सालापासून 'क्लब ३३' नावाचे बड्या सभासदांचे खासगी भोजनगृह आहे. फरक एवढाच की तेव्हा बडे लोक वेगळ्या खोलीत बसत. तिथल्या मेजवानीने तुमची रांग लांबत नसे. आता बड्यांची सोय तुमच्याच रांगेतून कापून दिली जाते.

कंपनीची बाजू घेणारे म्हणतात, व्यापार हा व्यापार आहे. ज्याला हवे त्याने जास्त द्यावे, तुमचे काय गेले? वरवर हे खरे वाटते. कुंभाराने नक्षीचे मडके घडवले आणि ते दुप्पट भावाला विकले, तर साध्या मडक्याच्या गिऱ्हाइकाचे काही जात नाही, कारण साधी मडकी पूर्वीइतकीच राहतात. बाकांचे तसे नाही. नाट्यगृहात बाक ठरलेले. त्यातले पाचशे दोरी बांधून राखले की बिनपैशाचे पाचशे कमी झाले. म्हणजे एकाला विकलेली सोय दुसऱ्याच्या गैरसोयीतून काढलेली असते. शिवाय बाहेर गर्दी आणि चिंता जितकी जास्त, तितकी राखीव जागेला मागणी जास्त. मग गर्दी मोडण्याची गरज विकणाऱ्याला का वाटावी?

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. ऑर्लँडोच्या 'हॉलीवूड स्टुडिओज' या बागेत 'फँटॅस्मिक' नावाचा रात्रीचा खेळ होतो. तिथे तो १९९८ साली सुरू झाला. महामारीत बंद पडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा उभा राहिला. मिकी उंदराचे स्वप्न, पाण्याच्या पडद्यावर उमटणारी चित्रे, आगीचे लोळ, शेवटी सगळ्या पात्रांनी भरलेली नाव, असा अर्ध्या तासाचा थाट. उघड्या आभाळाखाली पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे. सुमारे सात हजार माणसे बसतात आणि आणखी काही हजार मागे उभी राहू शकतात. राखीव जागा हवी तर बागेतल्या ठरावीक भोजनगृहांपैकी एकात खेळाच्या नावाचे जेवण आगाऊ नोंदवायचे. त्या जेवणाबरोबर राखीव भागात बसण्याची परवानगी मिळते.

परवानगी कशाची, हे नीट वाचावे. ठरलेली खुर्ची मिळत नाही. राखीव भागात जो आधी येईल तो चांगल्या जागी बसेल, म्हणजे तिथेही अर्धा तास आधी जावेच लागते. बाक तेच, बिनपाठीचे. सर्वांना बसतो तोच पाऊस तुम्हालाही बसतो, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी विजा फार होतात. विजेमुळे खेळ रद्द झाला तर जेवण पोटात गेलेले असते आणि राखीव जागा हवेत विरते. जेवणाचा खर्चही पाहा. बुफेच्या ठिकाणी माणशी ठरलेला दर असतो. चौघांच्या कुटुंबाचे दोनशे डॉलर, म्हणजे सोळा हजारांहून जास्त रुपये, सहज जातात. अर्धी भाकरी खाऊन उठणाऱ्या आजीलाही पैलवानाचाच दर पडतो. त्यात घरचे लोक शाकाहारी असले तर विचारायलाच नको.

हे पैसे कशाचे, असे विचाराल तर उत्तर थांबण्याच्या वेळेचे. बिनराखीव लोक चांगल्या जागेसाठी तासभर किंवा त्याहूनही आधी जाऊन बसतात. तुम्ही तो तास वाचवता, पण टेबलाशी बसून दीड तास जेवता. जेवायचे होतेच, भोजनगृहही आवडीचे होते, तर जागा जवळजवळ फुकट पडली असे म्हणता येईल. पण केवळ जागेसाठी जेवत असाल तर तो आतबट्ट्याचा व्यवहार. गर्दीच्या दिवसांत या खेळाचे रात्री दोन प्रयोग होतात आणि दुसऱ्याला गर्दी सहसा कमी असते. लहान मुलांना जागवणे जमत असेल तर दुसरा प्रयोग पाहावा. हा तोडगा बिनपैशाचा आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

दुसरा भ्रम असा की पुढची जागा तीच चांगली. तमाशात पुढे बसणाराला धूळ आणि ढोलकी दोन्ही सोसावी लागतात, हे आपल्याला सांगायला नको. फँटॅस्मिकमध्ये पुढच्या रांगांवर पाण्याचे तुषार येतात, आणि पाण्याच्या पडद्यावरचे चित्र मधल्या-वरच्या पायऱ्यांवरून अधिक नीट दिसते. ऑर्लँडोतल्याच 'सीवर्ल्ड' या बागेत मोठाल्या देवमाशांचे खेळ होतात. तिथे पुढच्या काही रांगा भिजण्याच्या रांगा म्हणूनच ओळखल्या जातात. मासा शेपटी आपटतो आणि थंडगार खारट पाण्याचा लोंढा अंगावर येतो. पोरांना त्यात गंमत. ठेवणीतले लुगडे नेसून गेलेल्या आईला शिक्षा. अशा ठिकाणी जादा दाम द्यायचेच तर मधल्या कोरड्या जागेसाठी द्यावे.

तिसरी गोष्ट, खेळ किती वेळा होतो ते पाहा. डिस्नेच्या 'ॲनिमल किंगडम' बागेत सिंहराजाच्या उत्सवाचा खेळ दिवसातून अनेकदा होतो आणि बैठक चारी बाजूंनी गोल आहे. तिथे मागे म्हणावी अशी जागा फारशी नाही. हा प्रयोग चुकला तर पुढचा आहेच. अशा खेळासाठी विकतची चिठ्ठी खर्चणे म्हणजे भर पावसात पाणी विकत घेणे. याउलट 'एपकॉट' बागेत नाताळच्या दिवसांत मेणबत्त्यांचा गायनसमारंभ असतो. मोठा गायकवर्ग, वाद्यवृंद आणि येशूच्या जन्माची कथा वाचणारा कोणी नामांकित माणूस, असा तो प्रसंग. येणारी गर्दी जागेच्या मानाने फार, म्हणून बिनराखीव लोक लांब रांगेत तिष्ठतात आणि कित्येकदा तरीही जागा मिळत नाही. तिथे जेवणासह राखीव जागा घेणे शहाणपणाचे ठरते. फ्रान्सच्या वांदे प्रांतातील 'प्यूई दु फू' या बागेतही तसेच. तिथे पाळण्यांना महत्त्व नाही, खेळ हेच मुख्य. रोमन रथांच्या शर्यती, तटबंदीवरच्या लढाया, असे मोठे खेळ एकापाठोपाठ चालतात. दिवसभर खेळच पाहायचे असतील तर मधल्या राखीव जागेच्या पासाने बरीच धावपळ वाचते.

तेव्हा तीन प्रश्न विचारून ठरवावे. खेळ दिवसातून एकदाच आहे काय? जागा गर्दीच्या मानाने अपुरी आहे काय? आणि आपल्याबरोबर असे कोणी आहे काय, ज्याला तासभर उभे राहणे झेपणार नाही? तिन्हींचे उत्तर होय आले तर खुशाल पैसे द्यावेत. आईच्या गुडघ्यापुढे डॉलर मोठा नाही. तिन्हींचे उत्तर नाही आले तर एक दमडीही देऊ नये. मध्ये कुठे अडलात तर तिसऱ्या प्रश्नाला जास्त मान द्यावा.

या तिसऱ्या प्रश्नापाशीच माझी खरी तक्रार आहे. पुढच्या बाकाची गरज कोणाला असते? म्हाताऱ्याला, अपंगाला, गरोदर बाईला, मोठ्यांच्या पाठीआड काही न दिसणाऱ्या पोराला. पण बाजार गरज विचारीत नाही, खिसा विचारतो. पंचवीस वर्षांचा धडधाकट मनुष्य पैसे टाकून दोरीच्या आत बसतो आणि सत्तर वर्षांची म्हातारी दोरीबाहेर तासभर तिष्ठते. चाकाच्या खुर्चीसाठी तिकडे जागा राखलेल्या असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण चाकाच्या खुर्चीपर्यंत न पोचलेले, नुसते थकलेले शरीर कोणत्या दोरीत बसावे? पाचशे बाक विकण्याआधी त्यातले शंभर थकल्या-भागल्यांसाठी बिनमोल राखले, तर एवढ्या मोठ्या कंपनीचे दिवाळे निघणार नाही.

आणि कंपनीला बोलताना आपल्या अंगणातही पाहावे. आमच्या खेड्यापाड्यांच्या शाळांत स्नेहसंमेलन होते तेव्हा पुढच्या खुर्च्या कोणाच्या? गावच्या पुढाऱ्यांच्या आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या. ते दोन नाच पाहतात, भाषण ठोकतात आणि उठून जातात. ज्या मायमाऊलीने रात्री जागून पोराचा अंगरखा शिवला, ती मागे भिंतीशी कडेवर दुसरे लेकरू घेऊन टाचा उंचावून पाहते. पुढच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या तरी तिला 'या, बसा' म्हणणारा कोणी नसतो, आणि आपण होऊन बसायला ती धजत नाही. इथे डॉलर नाही, तिकीट नाही, तरी दोरी आहेच. ती सोडायला कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. येत्या संमेलनात पहिल्या दोन रांगा आयाबायांना आणि म्हाताऱ्यांना द्याव्यात. पाहुण्यांनी तिसऱ्या रांगेत बसावे. माझ्या व्यवसायबंधूंनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

अमेरिकेला जाणाऱ्या आबांना आणि आईंना एक सांगणे. लेकाने राखीव जागा घेतली तर तिच्या मोलाचा जीव घेऊन बसू नका, डोळे भरून खेळ पाहा. नाही घेतली तर मनाला कमी लावून घेऊ नका. तासभर आधी जा, जवळ पाण्याची बाटली आणि बाकावर अंथरायला घडी केलेली चादर ठेवा, आणि मधल्या पायऱ्यांवर बसा. आगीचा लोळ आणि पाण्याचा पडदा दोरीच्या आत वेगळा आणि बाहेर वेगळा नसतो. आणि पोरांनो, तुम्ही वाचवलेल्या त्या दोनशे डॉलरांत आईबापांना आणखी एक दिवस आपल्याजवळ ठेवून घ्या. ते तुमच्याकडे आले ते तुमच्याजवळ बसायला.