शून्य दाबल्यावर बाहेरची लाइन

परवा स्मृती नगरच्या घरात माळा आवरायला घेतला आणि एका खोक्यात बाबांचा जुना मोडेम सापडला. पत्त्यांच्या दोन कॅटएवढा, पुढे चार लाल दिवे, मागे पिवळी पडलेली वायर. माझा मामेभाऊ शाळेत आहे. त्याने विचारलं, "ताई, हा छोटा राउटर का?" आता त्याला काय सांगणार? खरं तर मलाही फारसं आठवत नाही. २००३ साली मी तीन वर्षांची होते. आठवतो तो फक्त आवाज, कोणीतरी पत्र्यावर खिळे घासावेत तसा. बाकी सगळं आईकडून ऐकलेलं.

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमुळे. आमच्या भिलाईत ते घराघरांत रुळायला पुढची बरीच वर्षं गेली. बाबांचं ऑफिस घराच्या खालच्या मजल्यावर. मशीनचे सुटे भाग बनवून द्यायचा त्यांचा धंदा, त्यामुळे ड्रॉइंग ईमेलने यायला लागली तेव्हा नेट घेणं भाग पडलं. फोनच्या दोन लाइन होत्या आणि भिंतीवर ईपीएबीएक्सची पेटी. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन-तीन लाइन घ्यायच्या, पेटीत घालायच्या आणि आठ टेबलांवर आठ फोन ठेवायचे. आपापसात बोलायला दोन आकडे, बाहेर बोलायचं तर आधी शून्य.

बाबांनी मोडेमही अशाच एका एक्स्टेंशनला जोडला. इथेच गंमत सुरू झाली. कॉम्प्युटर सारखा सांगायचा, डायल टोन नाही! पेटीचा टोन एक्सचेंजच्या टोनपेक्षा वेगळा असतो, तो मोडेमला ओळखूच येत नव्हता. मग मेकॅनिकने सेटिंगमधली 'डायल टोनची वाट बघा' ही खूण काढली आणि नंबराच्या आधी शून्य आणि स्वल्पविराम घातला. स्वल्पविराम म्हणजे मोडेमसाठी "दोन सेकंद थांब". व्याकरणात शिकलेल्या स्वल्पविरामाचा इतका शब्दशः उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही!

नेट लागलं, पण रखडत. मोडेमवर लिहिलेलं ५६ केबीपीएस आणि मिळायचे कसेबसे २८. याचं कारण मला अलीकडेच नीट कळलं. एक्सचेंजमध्ये आपला आवाज आकड्यांत बदलतो. १९९८ मध्ये ठरलेलं ५६ केचं तंत्र एकाच अटीवर चालायचं: नेट देणाऱ्या कंपनीपासून तुमच्या एक्सचेंजपर्यंत सगळं आकड्यांत यावं आणि फक्त शेवटच्या तारेवर, एकदाच, त्याचा आवाज व्हावा. मध्ये डिजिटल ईपीएबीएक्स आली की ती त्या आवाजाचे पुन्हा आकडे करते, मग पुन्हा आवाज. झालं, ५६ के विसरा. वरची मर्यादा ३३.६, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. साध्या जुन्या पेट्या आकड्यांच्या भानगडीत पडत नसत, पण खरखर वाढवत, आणि खरखर वाढली की मोडेम आपणहून वेग उतरवतो.

२ एमबीचं ड्रॉइंग उतरायला दहा मिनिटं. मध्येच कोणी चुकून ती लाइन उचलली, की पुन्हा पहिल्यापासून.

मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, मोडेमला पेटीच्या आधी जोडा. नाहीतर सरळ तिसरी लाइन घ्या." तिसऱ्या लाइनचं भाडं दर महिन्याला कोण भरणार, म्हणून बाबांनी ते टाळलं. माझ्या मते चुकीचा हिशेब, पण तेव्हाचा खर्च मी उचलत नव्हते, तेव्हा बोलणं सोपं आहे.

मग तो पावसाळा. एक लाइन दोन दिवस बंद होती, केबलमध्ये पाणी शिरलेलं. दुसरीवर बाबा ड्रॉइंग उतरवत बसले होते, तिसऱ्यांदा. नागपूरला आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि काका एसटीडी बूथवरून फोन लावत राहिले. एंगेज. पुन्हा एंगेज. शेवटी शेजारच्या काकूंचा नंबर कोणाकडून तरी मिळवला, तोवर दुपारची गाडी दुर्गहून निघून गेली होती. बाबा रात्री उशिरा पोचले. आजोबांनी त्यांना ओळखलं, हात धरला, पण वाचा गेली होती. संध्याकाळपर्यंत ते बोलत होते, बाबांचंच नाव घेत होते, असं काकांनी नंतर सांगितलं. पुढची दोन वर्षं आजोबा होते, बोलले मात्र नाहीत.

बाबांनी परत आल्यावर आठवड्याभरात तिसऱ्या लाइनचा अर्ज भरला. ती पेटीत घातलीच नाही, खांबावरून थेट मोडेमला. आई म्हणते, त्या दिवशी कोपऱ्यात ४४ आकडा दिसला, ऑफिसातली पोरं खूश झाली, आणि बाबा उठून बाहेर गेले.

२००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं, २५६ केबीपीएसचं. एकाच तारेवर फोन आणि नेट, भांडण नाही. फक्त स्प्लिटर पेटीच्या आधी लावायचा, हे बाबांना कोणी सांगावं लागलं नाही.

आज आमच्याकडे फायबर आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, विशेषतः घरात वयस्क माणसं असतील तर. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्सचेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीज यायची, म्हणून दिवे गेले तरी साधा फोन चालायचा. पेटीवरचे फोन बंद पडायचे, पण बऱ्याच पेट्यांत वीज गेली की पहिली लाइन एका ठरलेल्या फोनला आपोआप जोडली जाई. फायबरवरचा लँडलाइन फोन मात्र घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की नेट आणि फोन दोन्ही एकदम जातात. फायबरची डबी आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या, आणि वीज असतानाच मेन स्विच बंद करून बघा, फोन लागतो का.

आमच्या राउटरखाली असा यूपीएस आहे. बाबा दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं बटण दाबून बघतात, आणि मग स्वतःच्या मोबाइलवरून घरच्या लँडलाइनला रिंग देतात. आई वरून ओरडते, "अहो, वाजतोय, वाजतोय!"