मुंगसाची दिवसपाळी

रात्रीत कोंबड्या मेल्या की सकाळी उठून मुंगसाला शिव्या घालायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गंमत अशी की मुंगूस रात्री झोपतं. ते दिवसपाळीतलं जनावर. उन्हं आल्यावर बिळातून निघतं आणि अंधार पडायच्या आत परत जातं. म्हणजे रात्री दोन वाजता झालेल्या कत्तलीचा आरोप ज्याच्यावर ठेवलाय, तो त्या वेळी बिळात गाढ झोपलेला असतो. तरी पिंजरा लागतो तो मुंगसासाठी, विष ठेवलं जातं ते मुंगसासाठी. आणि ज्याने खरं काम केलं ते उदमांजर पुढच्या आठवड्यात आरामात परत येतं.

आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम पडली तर पहिला प्रश्न असतो, किती वाजता पडली? मग लॉग बघतात, मग कुठून काय आत आलं ते शोधतात. 'कोणी पाडली, त्याला पकडा' असं म्हणत सुटणाऱ्या मॅनेजरला मागून सगळे हसतात. पण हीच हसणारी माणसं कोंबड्या पाळायला लागली की थेट फाशीची शिक्षा सुनावतात!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑफिसातल्या दोघातिघांनी गेल्या काही वर्षांत मुळशीकडे जमिनी घेतल्या आहेत. शनिवार-रविवारचे शेतकरी. गावरान अंड्यांची हौस, त्यामुळे कोंबड्या आल्याच. मागच्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. पिंजऱ्यात कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं उदमांजर आणि वर 'सापडला चोर!'. खाली अंगठ्यांची रांग. मग चर्चा, मारावं की लांब नेऊन सोडावं. चाळीसेक मेसेज झाले असतील. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की ते आत शिरलं कुठून.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोंबडी मेली तर खुराडं नापास झालं. प्राणी नव्हे.

ह्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'अरे, पण त्याने एक खाल्ली आणि दहा नुसत्या मारून टाकल्या. भुकेसाठी नाही, मजेसाठी मारतात हे!' हा राग मला समजतो. दहा मेलेल्या कोंबड्या बघून कोणाचंही डोकं फिरेल. पण ह्याचं उत्तर जुनं आहे. हान्स क्रूक ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली ह्याच विषयावर निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत काळ्याकुट्ट रात्री कोल्हे शिरत आणि खाण्याच्या कितीतरी पट पक्षी मारून टाकून जात. क्रूकचं म्हणणं असं की पोट भरलं की शिकार शोधणं थांबतं, पण समोर आलेलं भक्ष्य पकडणं आणि मारणं थांबतंच असं नाही. एरवी एक पक्षी पकडेपर्यंत बाकीचे उडून जातात, म्हणून हिशोब आपोआप जुळतो. अंधारात पक्षी उडाले नाहीत, हिशोब बिघडला.

आता खुराडं बघा. कोंबडीला अंधारात जवळपास दिसत नाही, ती जागची हलत नाही. चारी बाजूंनी भिंती. आत शिरायला भोक आहे, पळायला वाट नाही. ही परिस्थिती आपण तयार केली आणि दोष मात्र उदमांजराच्या स्वभावाला!

माझी मावशी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. भाताचा पैसा काकांच्या हातात, काजूचा मुलाच्या, पण अंड्यांचा आणि कोंबड्याचा पैसा तिचा स्वतःचा. नातवाची वह्यापुस्तकं, तिच्या गुडघ्याचं औषध, भिशी, सगळं त्यातून. तीन वर्षांपूर्वी एका रात्रीत तिच्या नऊ कोंबड्या गेल्या. वाडीतल्या कोणीतरी मुंगसाचं नाव घेतलं आणि कोणीतरी एका मेलेल्या कोंबडीला विष लावून ती मागच्या गडग्यापाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी चार कावळे पडलेले सापडले आणि शेजाऱ्यांचा राखणीचा कुत्रा तडफडून मेला. चौथ्या रात्री आणखी तीन कोंबड्या गेल्या, कारण आता भुंकायलाही कोणी नव्हतं.

मी गेलो तेव्हा खुराडं बघितलं. जांभ्याच्या भिंती, फळीचं दार, आतून-बाहेरून भक्कम. पण आंब्याची एक फांदी छपरावर टेकलेली आणि तिथलीच दोन कौलं सरकलेली. कांडेचोर (आमच्याकडे उदमांजराला हेच म्हणतात) झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला तुमच्या दाराशी काय करायचंय? फांदी छाटली, कौलांखाली जाळी मारली. 'अरे पण मुंगूसच होता तो,' असं मावशी आजही म्हणते. म्हणू दे. रात्री कोंबडी गेलेली नाही त्यानंतर. दिवसा मात्र दोन पिल्लं गेली, एक घारीने नेलं आणि दुसरं खरोखरच मुंगसाने!

विषाबद्दल थोडं. वाड्यांमध्ये सर्रास वापरलं जाणारं फोरेट हे दाणेदार कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी जुन्या पुड्या माळ्यावर निघतातच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त बंदूक नव्हे, विष घालणं, पिंजरा लावणं, फास लावणं हेही त्यात येतं. म्हणजे मित्रवर्यांनी मोठ्या अभिमानाने व्हॉट्सअॅपवर टाकला तो व्हिडिओ पुराव्याचाच होता. असो.

'मारू नका, लांब सोडून या' हा सुशिक्षितांचा आवडता तोडगा. ह्याने आपले हात स्वच्छ राहतात, एवढाच काय तो फायदा. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा मोठा प्रयोग झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. उदमांजर म्हणजे बिबट्या नव्हे, कबूल. पण रिकामी झालेली जागा आणि उघडं खुराडं, दोन्ही तिथेच राहतात. एक गेलं की दुसरं येतं. किती सोडून येणार?

मला दुसऱ्या बाजूचा एकच मुद्दा खरोखर वजनदार वाटतो. मुळशीवाल्यांना ठीक आहे, पण मावशीसारख्या बाईने पदरचे पैसे घालून जाळी का घ्यावी? बरोबर आहे, तिने का घ्यावी? आमच्या गावात एका योजनेतून पिल्लं वाटली, तेव्हा टेबल, सतरंजी, फोटो सगळं होतं. जाळी मात्र नव्हती. पिल्लं तीही मशिनमध्ये उबवलेली, म्हणजे आई नाही. आई नसणं म्हणजे काय, तर घरातली धोक्याची घंटा नसणं. ख्रिस एव्हान्स आणि पीटर मार्लर वगैरेंनी १९९३ साली दाखवून दिलं की कोंबडा आकाशातल्या शत्रूसाठी एक हाक देतो आणि जमिनीवरच्यासाठी वेगळी. नुसत्या रेकॉर्ड केलेल्या हाका ऐकवल्या तरी पहिलीला कोंबड्या दबून वर बघतात, दुसरीला मान ताठ करून आजूबाजूला. (इतकी नीट प्रोटोकॉल आमच्या कित्येक सिस्टीम्सना नसते.) खोक्यातून आलेल्या बिनआईच्या पिल्लांना हाक कोण देणार? अशी पिल्लं वाटून वर जाळी न देणं म्हणजे घारीसाठी योजना राबवणं आहे. प्रत्येक वाटपाबरोबर जाळीचा एक गुंडाळा द्या, मग मुंगसावर बोलू.

आणि ज्यांना परवडतं त्यांनी दुकानात जाऊन 'कोंबडीजाळी' मागू नये. षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवायला ठीक, कुत्र्याला बाहेर ठेवायला कुचकामी. दातांनी फाडतो तो. अर्धा इंची वेल्डमेश मागा. ती छपराखालीही हवी. जमिनीलगत बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा, म्हणजे उकरणारं जनावर भिंतीपाशी उकरायला जातं आणि जाळीवरच अडतं. बसायची काठी जाळीपासून वीतभर लांब. दाराला नुसता खटका नको, कडी-कोयंडा हवा. पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे दिवसा डालग्याखाली, हे आजीला ठाऊक होतंच. घारींसाठी अंगणावर मासेमारीचं जुनं जाळं ताणतात, ते चांगलं. पण उंचावर आणि घट्ट. जमिनीवर लोंबलं की त्यात साप अडकून मरतात, आणि मग सोडवायला कोणाला पाठवणार? ह्या सगळ्याला माझ्या मावशीकडे चारपाच गावठी कोंबड्यांच्या किमतीएवढा खर्च आला, मजुरी आमची आम्हीच केली.

दुकानदार म्हणेल, एक इंचीही चालते, स्वस्त पडते. भोकात अंगठा घालून बघा. अंगठा आरपार गेला तर ती त्याच्याकडेच राहू द्या.