अणूंची पाटी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञानावर मी लिहावे हे वर्गमित्रांना चमत्कारिक वाटेल आणि विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना कदाचित आगाऊपणाचे. तरीही लिहितो, कारण विषय निघाला तो एका पाटीवरून, आणि पाटी म्हटली की आम्हा सीमाभागातल्या माणसांचे कान टवकारतात.

१९८९ साली कॅलिफोर्नियातील आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉन आयग्लर व एर्हार्ड श्वायझर यांनी झेनॉन वायूचे ३५ अणू निकेलच्या पृष्ठभागावर एकेक करून मांडले आणि त्यांतून कंपनीची तीन आद्याक्षरे लिहिली. अक्षराची उंची अवघी ५ नॅनोमीटर! हे चित्र मी वसतिगृहात दाखविले. एकजण म्हणाला, "मराठीत केव्हा लिहिणार?" दुसरा लगेच उत्तरला, "मोदलु कन्नडदल्लि!" आम्ही सारे हसलो, पण ते हसणे मला नंतर बोचत राहिले.

ज्या यंत्राने हे लिहिले ते स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप १९८१ साली झुरिकला बिनिग व रोहरर यांनी बनविले. १९८६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. यात भिंग नाही, सुई आहे. टोक एका अणूइतके बारीक. सुई पृष्ठभागाला टेकत नाही, तरी मधली फट ओलांडून इलेक्ट्रॉन जातात. फट अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतराने घटली तरी प्रवाह सुमारे दसपट वाढतो, आणि त्यावरून उंचसखलपणा कळतो. सुई आणखी जवळ नेली की अणू तिच्यामागून ओढला जातो, वर उचलली की तो तिथेच राहतो. आपल्या बिदरीच्या कारागिराला चांदीची तार बसवायला आधी खाच कोरावी लागते. इथे खाच नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसची थंडी असते, म्हणून अणू हलत नाही.

या कामाला २२ तास लागले. म्हणजे दर अणूस सुमारे ३८ मिनिटे. हा खर्च कोणत्या खाती टाकावा असे आमच्या एका सरांना विचारले, तर ते म्हणाले, "जाहिरात खाती." उत्तर खमंग आहे, पण मला पटले नाही. २०१७ साली त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी होल्मियमच्या एकाच अणूवर एक बिट माहिती नोंदविली. अठ्ठावीस वर्षे चालणारी जाहिरात मी तरी पाहिलेली नाही. आणि ज्याने पैसा व घाम घातला त्याने आपले नाव लिहिले, त्यात रागावण्यासारखे काय?

माझी तक्रार आपल्याविरुद्ध आहे. १९५६ पासून भालकी, औराद, आळंद भागात आपण अक्षरे कोणाची यावर भांडत आलो. पण मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, आणि या विषयावरचे पहिले व्याख्यान ऐकले ते इंग्रजीतून. शेजारी कन्नड माध्यमाचा मित्र. दोघेही एका बाकावर, दोघेही कोरे. पुढे व्हरांड्यात एका प्राध्यापकांनी खडूने फरशीवर आकृती काढून अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात सांगितले, तेव्हा दहा मिनिटांत समजले. पुणे विद्यापीठात डॉ. सी. व्ही. धर्माधिकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच यंत्र स्वतः बांधले, हेही तिथेच कळले. तेव्हा मराठी माणसाचा हात या सुईला केव्हाच लागला आहे. वसतिगृहातल्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, एवढेच.

म्हणून संपादक मंडळास विनंती, की दर अंकात विज्ञानावरील एकच लेख दोन्ही विभागांत छापावा. मजकूर तोच, भाषा दोन. प्राध्यापकांनी सांगावे, लिहून काढायला मी व माझा तो मित्र तयार आहोत. पहिल्या लेखाला आम्ही बसलोही आहोत. अडले आहे ते 'टनेलिंग'वर. मी 'बोगदा' म्हणतो, तो 'सुरंग' म्हणतो. आणि सुरंग ऐकले की मला खडक फोडणारा सुरुंगच आठवतो.