गोळीतला डावा-उजवा

साखर कारखान्यात उसाच्या रसाचे ‘पोल’ काढतात, हे कोल्हापूरकरांना नवे नाही. ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल साखरेमुळे उजवीकडे वळते आणि ते किती वळले, यावरून साखरेचे प्रमाण कळते. रेणूंनाही डावे-उजवे असते, याचा हा रोजचा पुरावा.

औषधांचेही तसेच. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनमध्ये एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेले दोन रेणू निम्मे-निम्मे असतात. रक्तदाब उतरवण्याचे काम जवळजवळ सगळे ‘एस’ रूप करते. म्हणूनच एस-अॅम्लोडिपिनची २.५ मिलिग्रॅमची गोळी साध्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीच्या तोडीची मानतात.

पण गोळीत खरोखर एकच रूप आहे, हे ओळखायचे कसे? दोन्हींचे वजन सारखे, द्रवणांकही सारखा. क्रोमॅटोग्राफीच्या साध्या कॉलममधून दोन्ही एकदमच बाहेर पडतात. उजवा हात उजव्याच हातमोज्यात नीट बसतो. तसे कॉलममधले भरणही डावे-उजवे ओळखणारे लागते. १९८० च्या दशकात जपानचे योशिओ ओकामोटो यांनी सेल्युलोज आणि स्टार्चमधील अमायलोज यांत रासायनिक बदल करून त्यांचा लेप सिलिकाच्या कणांवर दिला. एक रूप या लेपाला धरून रेंगाळते, दुसरे पुढे निघून जाते. मात्र एकच कॉलम सगळ्या औषधांना चालत नाही. प्रत्येक औषधासाठी योग्य कॉलम शोधावा लागतो. त्यात वेळ आणि पैसा जातो.

तरीही हा खर्च टाळता कामा नये. ‘एस’ म्हणून विकलेल्या गोळीत मिश्रणच निघाले, तर साध्या कॉलमवर ती उत्तीर्ण होईल. रुग्णाला मात्र अर्धाच डोस मिळेल आणि रक्तदाब चढाच राहील. म्हणून सरकारी खरेदीत अशा औषधांसाठी ही तपासणी सक्तीची हवी.

दुसरी जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची आणि औषध दुकानदाराची. ‘२.५ म्हणजे डोस कमी’ असे समजून रुग्ण दोन गोळ्या घेतो किंवा दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून दोन्ही प्रकार एकदम सुरू ठेवतो. मग पायांना सूज येते, चक्कर येते. सेटिरिझिन १० आणि लेव्होसेटिरिझिन ५ यांचाही हिशेब असाच आहे.

एकच रूप असलेली गोळी नेहमीच सरस असते, असेही नाही. साध्या, स्वस्त गोळीने रक्तदाब आटोक्यात असेल आणि त्रास नसेल, तर महागडी घेण्याचे कारण नाही. गोळी बदलली, तर आकड्याबरोबर नावही वाचा आणि जुनी बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारा.