ज्वारीचं कोठार सोलापूर, मग बिअरच्या बाटलीत ज्वारी का नाही?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि सोबत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार आणला. ही धान्यापासून बनणारी आणि फक्त राज्यातल्या उत्पादकांनीच तयार करायची दारू. बिअर आणि वाईन या दरवाढीतून वगळल्या गेल्या. धान्याची दारू म्हटलं की सोलापूरकडे एक प्रश्न हमखास निघतो: आता आपल्या ज्वारीला भाव येणार का? दारूचं पुढे काय होईल ते होईल, पण बिअरपुरतं उत्तर आजच देता येतं. ते ‘नाही’ असंच आहे, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

बाटलीत नेमकं असतं काय?

पाणी, बार्लीचं माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं धान्य. बव्हेरियात १५१६ साली पाणी, बार्ली आणि हॉप्स सोडून बिअरमध्ये काही घालायचं नाही असा नियमच झाला होता. आपल्याकडे तसं बंधन नाही. बहुतेक मोठ्या ब्रँड्समध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर असते. त्यामुळे खर्च कमी होतो, बिअर हलकी लागते आणि साखरेमुळे अल्कोहोल वाढवणं सोपं जातं. स्ट्राँग बिअरच्या गोडसर, थोड्या उग्र चवीचं एक कारण हेच.

बार्ली मुख्यतः राजस्थान, हरियाणाकडून येते. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस आणि थंडी लागते. देशात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडीफार होते, बाकी आयात. म्हणजे महाराष्ट्रात बनलेल्या बिअरमध्ये महाराष्ट्राचं म्हणावं तर बहुतांशी पाणीच. (त्या पाण्याकडे नंतर येऊ.)

ज्वारीची बिअर होतच नाही का?

होते की. आफ्रिकेत शेकडो वर्षं होतेय. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बड्या कंपन्यांना स्थानिक ज्वारीकडे वळावं लागलं. युगांडात २००२ मध्ये स्थानिक ज्वारीची ‘ईगल’ लागर आली. सरकारने तिच्यावरचा कर कमी ठेवला, म्हणून ती स्वस्तात विकता आली.

तांत्रिक अडचणी आहेत. बार्लीला टरफल असतं. मॅश गाळताना त्याच टरफलांचा थर चाळणीचं काम करतो. ज्वारीला ते नसतं, त्यामुळे गाळण तुंबते. दुसरं, ज्वारीतला स्टार्च शिजायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं, आणि त्या तापमानाला स्टार्चची साखर करणारी माल्टमधली एन्झाइम्स मरायला लागतात. मग एन्झाइम्स बाहेरून घालावी लागतात. आज ती बाजारात मिळतात, गाळायला मॅश फिल्टरही आहेत. म्हणजे खरी अडचण तंत्राची उरलेलीच नाही.

मग घोडं कुठे अडलंय?

भावात. २०२५-२६ च्या खरिपासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे आणि मक्याचा २,४००. रब्बी २०२५-२६ साठी बार्लीचा १,९८०. माल्टसाठीची चांगली बार्ली हमीभावापेक्षा महाग जाते हे खरं, तरी फरक मोठाच राहतो. स्वस्त मका आणि तांदूळ हाताशी असताना कोणता कारखानदार मालदांडी घेईल?

आणि का घ्यावी? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडीतून निवडलेलं ‘एम ३५-१’ हे वाण मोहोळचं. नावातला ‘एम’ मालदांडीचा. पांढरी, टपोरी, भाकरीला मऊ. जनावरांसाठी कडबा वेगळा. असं धान्य आंबवणीत घालणं म्हणजे हापूसचं लोणचं घालण्यासारखं आहे.

दारूला परवडते ती खरिपाची, पावसात काळी पडलेली ज्वारी. २००७ च्या धान्याधारित मद्यार्क धोरणामागे हाच युक्तिवाद होता. डॉ. अभय बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला कडाडून विरोध केला: खायचं धान्य दारूला आणि त्यावर सरकारी अनुदान कशाला? नव्या प्रकारातही कोणतं धान्य कुठून घेतलं जातं, हे सोलापूरकरांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

आणि पाणी?

एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. राज्यातले मोठे बिअर कारखाने छत्रपती संभाजीनगर परिसरात आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात ५० ते ६० टक्के कपात लावली होती. सोलापुरात टंचाई नवी नाही. रब्बी ज्वारी इथे टिकली ती जमिनीतल्या ओलीवर येते म्हणूनच.

६५० की ३३०?

आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची, छोटी ३३० मिलीची, कॅन बहुधा ५०० चा. छोटीला आपण ‘पाइंट’ म्हणतो, पण ब्रिटिश पाइंट असतो ५६८ मिलीचा. नाव तेवढं राहिलं, माप गेलं.

माप महत्त्वाचं ठरतं ते टक्क्यांमुळे. देशात पाच टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड, त्यावर आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आठ टक्के असलेल्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत तेवढं अल्कोहोल जवळपास १२० मिलीत येतं, म्हणजे दोन लार्ज पेग. पाच टक्क्यांच्या ‘पाइंट’मध्ये साडेसोळा मिली, म्हणजे त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. “मी फक्त एक बिअर घेतली” असं कोणी म्हणालं, तर कोणती आणि केवढी, हे विचारायला हरकत नाही.