सारखी दिसणारी दोन सूत्रे

रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची साफसफाई करताना प्रोग्रामरला मूत्रपिंडाची क्षमता काढणारी दोन ‘फंक्शन’ सापडतात. दोन्हींना वय, लिंग आणि रक्तातील क्रिएटिनिन लागते; उत्तरही सारखेच दिसते. एका कामाला दोन कशाला, म्हणून जुने काढून नवे ठेवले जाते. ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम, अशी चाचणी घेतली तर दोन्हीकडे ९७-९८ येते. बदल मंजूर होतो.

आता ८० वर्षांच्या, ४० किलोच्या आजी घ्या. क्रिएटिनिन तेवढेच. १९७६चे कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र २८ सांगते, २०२१चे सीकेडी-ईपीआय ५७! पहिले सूत्र वजन धरते. दुसरे सरासरी आकाराच्या शरीरासाठीचा आकडा देते. मूत्रपिंडविकाराचा टप्पा ठरवायला दुसरे योग्यच. पण डॅबिगाट्रानसारख्या, रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाच्या मात्रेचे नियम पहिल्यावर बेतलेले आहेत. ५७ वर विसंबून पूर्ण मात्रा दिली, तर औषध शरीरात साचते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

म्हणून असा बदल तपासणाऱ्याने कोड किती कमी झाला हे पाहण्याआधी, ही दोन फंक्शन मुळात वेगळी का ठेवली होती, हे विचारायला हवे. तपासणीत डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ असावा, चाचणीत कृश वृद्ध रुग्ण असावेत आणि फंक्शनच्या नावातच सूत्राचे नाव असावे. कोडच्या चार ओळी वाचवण्यापेक्षा आजींची मात्रा बरोबर असणे महत्त्वाचे आहे.