शेजारच्या घरातली कादंबरी

1971 साली मराठीत दोन कादंबऱ्या आल्या. एक कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’, दुसरी मराठवाड्यातल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. दोघंही शेतकऱ्याच्या घरातले, दोघांनीही आपापल्या मुलखाच्या बोलीत लिहिलं आणि दोघांनीही स्वतःच्या घराची गोष्ट बाजूला ठेवली. यादवांनी सांगायला बसवला तो नारबा, शेतावरचा गडी, ज्याचं सगळं गणगोत म्हणजे गोठ्यातली जनावरं. बोराडे आणखी पुढे गेले. त्यांनी बोलतं केलं पारबतीला. गंगाराम शिंप्याच्या बायकोला.

शेतकऱ्याच्या पोरानं शिंपिणीच्या तोंडून कादंबरी सांगावी, ही गोष्ट बोराड्यांवरच्या भाषणांत क्वचितच निघते. 11 फेब्रुवारी 2025 रोजी ते याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात गेले. त्याआधी काही दिवसच राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना जाहीर झाला होता. श्रद्धांजलीच्या सभा झाल्या, अग्रलेख आले आणि ‘मातीतला लेखक’, ‘मातीशी नाळ’ हे शब्दही ठरल्याप्रमाणे आले. त्यात खोटं काही नाही. पण मातीतली माणसं तर लाखांनी आहेत. मग कादंबऱ्या मोजक्याच का?

एकट्या पुंडलिकनगरचं बघा. गारखेड्याच्या अंगानं, एकेकाळच्या शेतजमिनीवर उभ्या राहिलेल्या या वस्तीत दर दुसऱ्या दाराला गाव चिकटलेलं आहे. कुणी जालन्याकडचं, कुणी बीडचं, कुणी परभणी-हिंगोलीचं. दिवाळीनंतर घराघरात गावाकडच्या धान्याचे कट्टे उतरतात, एसटीनं डबे येतात, लग्नपत्रिकेवर ‘मु. पो.’ छापलं जातं ते गावाचंच. शाळेच्या दाखल्यावर शहर आणि सुट्टीत आजोळ अशी पोरांची एक अख्खी पिढी इथे वाढली. गावात मूळ असणं हीच कादंबरीची अट असती, तर या गल्ल्यांतून दरसाल दोन-चार तरी कादंबऱ्या बाहेर पडायला हव्या होत्या.

बोराड्यांचा जन्म 25 डिसेंबर 1940 चा, आज लातूर जिल्ह्यात असलेल्या काटगावचा. तेव्हा तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. अशा गावात शेतकऱ्याच्या घरातलं मूल काय बघत मोठं व्हायचं? खळं बघायचं. सुगी आली की सुतार, लोहार, चांभार, न्हावी खळ्यावर येत. शिंपी कुठे बलुत्यात मोजला जाई, कुठे अलुत्यात, पण वर्षभर घरच्यांच्या बंड्या-चोळ्या शिवून धान्य मागायला त्यालाही यावंच लागे. धान्य सुपानं घालायचं. सूप शिगोशीग भरायचं की हात फिरवून सपाट करायचं, हे घालणाऱ्याच्या मर्जीवर. घेणारा बोलत नसे. बोलला तर पुढच्या वर्षीचं सूप आठवायचं. देणाऱ्याच्या घरातलं पोर हे सगळं सुपाच्या या बाजूनं बघतं आणि बहुतेक वेळा मोठेपणी विसरून जातं. विसरलं नाही तर ‘आमच्या घरून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही’ असा एक लेख लिहितं.

बोराड्यांनी तो लेख लिहिला नाही. त्यांनी ऐकलं ते सुपाच्या पलीकडच्या बाजूचं, तेही पुरुषाचं नव्हे, बाईचं. ‘पाचोळ्या’त गावगाड्यावर व्याख्यान नाही, बलुतं मोडून रोखीचा व्यवहार कसा आला याचा धडा नाही. डोळ्यांदेखत घर विस्कटताना बघणारी एक बाई नुसती बोलत राहते. नवऱ्यावर चिडते, त्याची बाजूही घेते, पोरासाठी जीव टाकते, मध्येच भलत्याच गोष्टीला हात घालते. मराठवाडी बोली तोवर मराठी कथेत तोंडी लावण्यापुरती असायची, नाहीतर हशा पिकवायला. इथे एका बाईनं त्याच बोलीत अख्खी कादंबरी तोलून धरली. अशा बोलण्यासाठी लागणारा कान बालपणच देतं. विद्यापीठातून तो मिळत नाही. पण कान कुणाच्या दाराला लावायचा, हे लेखकाला स्वतःलाच ठरवावं लागतं.

शिंप्याचं घर मराठी कादंबरीला नवं नव्हतं. अकरा वर्षं आधी, 1960 साली, उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली होती. तिच्यातली कौतिक ही वऱ्हाडातल्या शिंप्याची बायको. दोन कादंबऱ्या, दोन बायका, दोन्हीकडे हातातून सुटत चाललेला संसार. वाचणाऱ्यानं दोन्ही एकापाठोपाठ वाचाव्यात आणि मग ग्रामीण कादंबरी म्हणजे मोट, नांगर आणि पाटील हे डोक्यातलं चित्र पुसून टाकावं.

ही गल्ली ओलांडण्याची सवय एकट्या मराठीची नाही. नायजेरियाचा चिनुआ अचेबे 1930 साली जन्मला तो ख्रिस्ती धर्मप्रचारक शिक्षकाच्या घरात. ओगिडी गावात त्याचं घर चर्चवाल्यांपैकी. जुना धर्म पाळणारे शेजारी पलीकडे. पोराला ओढ लागली ती त्या शेजाऱ्यांच्या सणांची, मुखवट्यांची, म्हणींची. 1958 साली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आली तेव्हा तिचा नायक ओकोंक्वो हा बापाच्या बाजूचा नव्हता. मिशनरी आल्यानं ज्याचं जग कोसळलं, त्या बाजूचा होता. बापाच्या घरात राहून अचेबेनं दुसऱ्याच अंगणातली कादंबरी लिहिली.

आता दुसरी बाजू. स्वतःच्या घरावर लिहून मोठं काही होत नाही असं म्हणायला जावं तर भालचंद्र नेमाडे वाटेत उभे असतात. यावल तालुक्यातल्या सांगवीचा मुलगा, 1963 सालची ‘कोसला’, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. आडनावातच गाव. पण ‘कोसला’तलं घर बघा. बाप पैसेवाला, हिशेबी, दरारा ठेवून असलेला. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते आणि पांडुरंगाच्या मनातलं ते घर कायमचं तडकतं. घराबद्दल प्रेम आहे, आणि राग त्याहून जास्त आहे. पुढे सत्तरच्या दशकात नेमाडे इथल्या मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ ही चांगदेव पाटलाची भ्रमंती 1975 ते 1979 या वर्षांत छापून आली. 2010 च्या ‘हिंदू’त तर खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून निघतो तो मरणाला टेकलेल्या बापाकडे, मोरगावाला. घर, बाप, गाव यांच्याभोवती जवळपास अर्धशतक घिरट्या. तरी एकदाही ‘आमचं गाव गोड’ असा सूर लागलेला नाही. स्वतःच्या घरावर लिहायचं तर त्या घराशी भांडण तरी हवं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांनी तिसरीच वाट काढली. ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ तनपुरे एम.ए., बी.एड. झालेला, नोकरीसाठी डोनेशन नाही, शेतात पिकत नाही. देशमुख स्वतः प्राध्यापक झाले. म्हणजे जी नोकरी लेखकाला लाभली, ती त्यानं नायकाला दिली नाही. गावोगावच्या कितीतरी शिकलेल्या पोरांचं जे झालं, ते त्यानं कागदावर जगून पाहिलं. आत्मचरित्र आणि कादंबरी यांच्यात नेमका कुठे फरक पडतो हे शिकवायला वर्गात एवढं एक उदाहरण पुरेल.

घराण्याच्या मुळांचा विषय निघालाच आहे तर रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ टाळून चालणार नाही. 2019 ची ही जाडजूड कादंबरी एका कुणबी-मराठा घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या, कित्येक शतकं मागे जाऊन उभ्या करते. नावातली मेख लक्षात घ्यायला हवी. छापील कुलवृत्तांत निघाले ते बहुतेक लिहित्या-वाचत्या घराण्यांचे. शिक्षणसंस्था, सरकारी नोकऱ्या आणि वंशवृक्षाचे घडीचे तक्ते. कुणबिकी करणाऱ्यांच्या पिढ्या नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्यांत फार तर नावापुरत्या उरल्या. नावांच्या मधली जागा कोरी. पठाऱ्यांनी ती कल्पनेनं भरली आणि ती कल्पना आहे हे लपवलंही नाही. इथे मुळांनी लेखकाला काही दिलं असेल तर ते माहिती नसणं. तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

या सगळ्या कौतुकाला एक रोखठोक आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. गल्ली ओलांडून शेजारच्या दाराला कान लावायची मुभा गावात कुणाला होती? वाड्यातल्या पोरानं शिंपीवाड्यात जावं, कुणी हटकत नसे. महारवाड्यातल्या पोरानं वाड्याच्या ओसरीवर बसून ऐकावं, हे होणं नव्हतं. ‘पाचोळा’ आली त्यानंतर सातच वर्षांत, 1978 साली, दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा मुलगा. सुपाच्या घेत्या बाजूचा. दुसऱ्या कुणी त्याच्या वतीनं बोलायची गरजच उरली नाही. बायकांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कठीण आहे. कौतिक आणि पारबती या दोन्ही पुरुषांनी लिहिलेल्या बायका. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांनी आत्मकथनं लिहिली तेव्हा बाईचं स्वतःचं बोलणं थेट कागदावर आलं. पण गावच्या बाईनं लिहिलेली गावची मोठी कादंबरी म्हटलं की आजही बोटांवर मोजण्याइतकीच नावं पुढे येतात. बोराड्यांचं श्रेय यानं कमी होत नाही. ‘पाचोळा’ आज वाचताना पारबतीच्या मागे उभा असलेला प्राचार्य दिसत नाही, आणि कसोटी तीच. वैजापूरच्या आणि पुढे इथल्या देवगिरी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाच्या खुर्चीत बसलेला माणूस शिंपिणीच्या तोंडी स्वतःची मतं सहज घुसडू शकला असता.

जवळचंच आणखी एक उदाहरण. बाबा भांड पैठण तालुक्यातल्या वडजीचे, ‘साकेत प्रकाशन’ त्यांनी याच शहरात उभं केलं. त्यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीतला भान्या पैठणच्या गोदाकाठी रक्षा चाळून पैसे शोधणारा पोर. घाटावर दहाव्याला गेलेल्या माणसाची नजर असते पिंडावर आणि कावळ्यावर. पाण्यात कमरेएवढा उभा राहून चाळणी हलवणारं पोर दिसतं, पण बघितलं जात नाही. कादंबरीनं ते बघितलं. पुढे तिच्यावरच्या सिनेमाला 2016 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2017 साली तो पडद्यावर आला तेव्हा पुरोहितांच्या चित्रणावरून वादही झाला. घाटावरचा व्यवहार घाटावरच राहावा असं अनेकांना वाटत होतं.

मग पुंडलिकनगरात कोण कुणाच्या दाराला कान लावणार? इथल्या नव्या लिहिणाऱ्यांची पहिली पुस्तकं बघितली तर बहुतेकांत बाप आहे, बैल आहे, करपलेलं पीक आहे. मनापासून लिहिलेली असतात, यात शंका नाही. पण लिहिणारा बारावीनंतर गावात चार रात्रीही सलग राहिलेला नसतो. त्याचं खरं रोजचं जगणं या वस्तीत चाललेलं असतं. खोलीमालक आहे, ज्यानं गावची दोन एकर विकून इथे दीड मजला चढवला आणि गुंठेवारीच्या कागदांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. कोपऱ्यावर शिंपी आहे. आता तो पिको-फॉल करतो आणि रेडिमेड पँटची उंची कमी करून देतो, म्हणजे गंगारामाच्या धंद्याचं पुढे काय झालं ते त्याच्या मशीनवर बसून दिसतं. पहाटे चारला पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं आहेत. आणि गावाकडून नवऱ्यामागे आलेली, दोन खोल्यांत खानावळ चालवणारी बाई आहे. कुणाचे पैसे किती महिने थकले, कुणाची परीक्षा कितव्यांदा हुकली, कुणाच्या घरून डबा येणं बंद झालं, हे सगळं तिला तोंडपाठ असतं आणि भाकरी थापता थापता ती ते बोलतही असते. तिच्याकडे जेवायला येणाऱ्या पोरांपैकी कुणी मराठी घेऊन एम.ए. करत असेल, तर त्याच्या पिशवीत ‘पाचोळा’ असण्याची शक्यता बरीच आहे.